एकमत होईपर्यंत

हिसाकोताई खोटं बोलत नसत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की बाई खोटारडी होती. दुकानदारानं चुकून एक लिंबू जास्त टाकलं तर ते परत द्यायला त्या भर उन्हात माघारी जायच्या. कुणी "कशा आहात" विचारलं तर जगात सगळे "बरी आहे" म्हणतात. त्या म्हणायच्या, "गुडघा दुखून राहिला, आणि पोट साफ नाही." विचारणारा पुन्हा विचारत नसे. अशा बाईनं मला फसवलं, आणि त्यासाठी तिला एकही खोटा शब्द वापरावा लागला नाही.

मी मिरजेची. शिक्षण चौथी. इस्पितळात आलेल्या पेशंटांच्या नातेवाइकांसाठी तीस वर्षं खानावळ चालवली. नवरा गेला, हातपाय थकले, तेव्हा मुलगा मंदार मला इथे टोकियोत, फुनाबोरीला घेऊन आला. तो आणि सून दोघं कॉम्प्युटरवाले. नात ईरा हिला मी मराठीत हाक मारते आणि ती जपानीत ओ देते. सकाळी आठनंतर घरात मी आणि फ्रिजचा आवाज.

इथे कचऱ्याला वार नेमून दिलेले असतात. पहिल्याच महिन्यात मी चुकीच्या वारी चुकीची पिशवी घेऊन खाली गेले, आणि मागून आवाज आला, "काहून टाकून राहिली वं बाई इथं? आज बाटल्यांचा दिवस आहे!"

मी वळून पाहिलं. हाडकुळी जपानी म्हातारी, माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी, अंगात मांजरपाटाचा ढगळ सदरा. आजूबाजूला दुसरं कुणी नव्हतं. मी पिशवी तिथेच सोडली आणि रामाचं नाव घेतलं.

"भूत नाही मी," त्या म्हणाल्या. "उचल ती पिशवी."

तरुणपणी त्या वर्ध्याजवळच्या एका खेड्यात अकरा वर्षं राहिल्या होत्या. बायकांना मलमपट्टी, बाळंतपणातली स्वच्छता, थोडं सूत कातणं शिकवायच्या. मराठी शिकल्या त्या कापूस वेचणाऱ्या बायांकडून. त्यामुळे त्यांना "कृपया" येत नसे पण "मुडदा बशिवला" येत असे. लग्न केलं नाही. आई म्हातारी झाली म्हणून परत आल्या आणि राहिल्या.

सगळ्यांना अरेतुरे. मला पहिल्या दिवसापासून "शांते". मी म्हटलं, "मला नवऱ्यानंही कधी चारचौघांत शांते म्हटलं नाही." तर म्हणाल्या, "तो काय म्हणे?" मी म्हटलं, "अगं." त्या म्हणाल्या, "मग शांते बरं." मी मात्र त्यांना तुम्ही आणि ताईच म्हणत राहिले. जपानीत त्या सगळ्यांच्या नावाला नुसतं "सान" लावायच्या, आपलं "राव", "बाई" असतं तसं. इथे डॉक्टरला, मास्तरला "सेन्सेई" म्हणायचं असतं. ताई डॉक्टरलाही सान आणि जिना झाडणाऱ्या बाईलाही सान. आमच्या इथल्या डॉक्टरला ते आवडत नसे. तो त्यांना रांगेत मागे बसवायचा. त्या बसायच्या.

कारण विचारलं तेव्हा कळलं की त्या क्वेकर पंथाच्या. ख्रिस्तीच, पण पाद्री नाही, मूर्ती नाही, घंटा नाही. कुणी मोठा नाही, कुणी लहान नाही. आपसात एकमेकांना "मित्र" म्हणतात. ताईंचे आजोबा त्या पंथात गेले, तेव्हापासून घराणंच त्यात.

एकदा मी चहा केला. त्या साखर घेत नव्हत्या. मी विचारलं, "डायबेटीस?"

"नाही. आमच्या जुन्या मित्रांनी सोडली होती."

मग सांगितलं. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी आफ्रिकेतली माणसं धरून, जहाजाच्या पोटात पोत्यांसारखी रचून न्यायचे आणि बेटांवर ऊस तोडायला लावायचे. त्या उसाची साखर इंग्लंडच्या चहात. काही क्वेकरांनी ती साखर खायची सोडली. म्हणाले, आपण खातो म्हणून ते धरून आणतात.

"ते संपलं ना आता?"

"संपलं. विचारायची सवय राहिली."

मी गूळ काढला. "हा घ्या. कोल्हापूरकडचा आहे. मुलाच्या मित्रानं आणलाय."

"ऊस तोडणाऱ्या बाया तिथं उचल घेऊन येतात ना?"

"येतात."

"मधेच घरी जावंसं वाटलं तर जाता येते त्यांले?"

मी आयुष्यभर उसाच्या मुलखात राहिले. बैलगाड्या पाहिल्या, ट्रॅक्टर पाहिले, त्यावर बसलेल्या बाया, त्यांच्या मांडीवरची लेकरं पाहिली. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. ताईंनी चहा बिनगुळाचा प्यायला. मी माझ्यात गूळ घातला, पण त्या दिवशी तो चांगला लागला नाही.

असं त्या कुणाचंही तोंड कडू करायच्या. सुपरमार्केटात सोललेली कोळंबी हातात घेऊन विचारायच्या, ही कुणी सोलली? तिथली मुलगी बिचारी मॅनेजरला बोलवायला पळायची. मॅनेजर वाकून वाकून सांगायचा की माहीत नाही. ताईही तेवढंच वाकायच्या आणि पाकीट जागेवर ठेवायच्या. बरोबर असलेल्या माणसाला लाज वाटायची. मला वाटायची. पण घरी येऊन मी विचार करत बसायची, हेही खरं.

मुलांना गोष्टी सांगायचं त्यांना वेड. इथे एक पद्धत आहे, लाकडी चौकटीत चित्रांचे पुठ्ठे एकामागून एक सरकवत गोष्ट सांगतात. ताईंनी स्वतः पुठ्ठे रंगवले होते. वॉर्डाच्या हॉलमध्ये शनिवारी आमच्या इमारतीतली मुलं, त्यात अर्धी भारतीय, बसायची. एक गोष्ट एका शिंप्याची. तो क्वेकर होता. गुलामांच्या हातच्या निळीनं रंगवलेलं कापड नको म्हणून बिनरंगाचे कपडे घालायचा, आणि पायी पायी गुलाम ठेवणाऱ्या क्वेकरांच्या घरी जाऊन बसायचा. भांडायचा नाही. समोर बसून सांगायचा, सोड. ताईंच्या सदऱ्याचं कारण मला त्या दिवशी कळलं.

दुसरी गोष्ट एका ठेंगण्या, पाठीत वाकलेल्या माणसाची. त्यानं काय केलं, तर पुस्तक पोखरून आत लाल रसाची पिशवी भरली, आणि क्वेकरांच्याच सभेत, गुलाम ठेवणारे समोर बसलेले असताना, त्यात तलवार खुपसली. रस उडाला लोकांच्या अंगावर. ताईंनी मला विचारलं, "शांते, बीट मिळेल?" मला वाटलं कोशिंबिरीला. मी रस काढून दिला. शनिवारी त्यांनी टेलिफोनची जुनी डिरेक्टरी पोखरून आणली आणि तलवारीच्या जागी माझा कलथा खुपसला. हॉलमध्ये तातामीच्या चटया. तीन चटया लाल. एक मुलगी रडायला लागली, बाकीचे टाळ्या वाजवत होते. हॉलचा रखवालदार गुडघ्यावर बसून फडक्यानं टिपत होता आणि हिसाकोताई त्याच्या शेजारी बसून टिपत होत्या आणि टिपता टिपता त्याला गोष्ट सांगत होत्या.

येताना मी विचारलं, "मग त्या माणसाचं काय झालं?"

"पंथातून काढून टाकला."

"गुलाम ठेवणाऱ्यांनी?"

"आमच्या सभेनं. गुलाम ठेवणारे आमच्याच बाकावर बसत होते वं. सगळ्यांचं एकमत व्हायला माणसाचं आयुष्य गेलं. मग वहीत नावं लिहिली, ज्यांनी ऐकलं नाही त्यांले काढलं."

"तोवर शेतात कोण मरत होतं?"

"तेच तर आमचं पाप," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्या इतक्या सरळ बोलल्या की मला त्यांचा अभिमान वाटला. आपलं पाप असं कोण सांगतं?

एकदा त्यांच्या सभेलाही गेले. रविवारी सकाळी. त्यांचा भाचा कझुओ गाडीनं सगळ्या म्हाताऱ्यांना घेऊन जायचा. पन्नाशीचा, हसरा, दार उघडून धरणारा. जुनं लाकडी घर, पंधरा-सोळा माणसं, समोरासमोर खुर्च्या. तासभर कुणी बोललं नाही. मला वाटलं सुरू व्हायचंय. माझ्या पोटात गुरगुरलं ते सगळ्यांनी ऐकलं. मग एकानं शेजाऱ्याचा हात हातात घेतला आणि संपलं.

"देव आला होता?" मी विचारलं.

"कोणाले आला असेल."

त्यांचा कारभारही असाच. मत टाकणं नाही, हात वर करणं नाही. एखादी गोष्ट सभेपुढे ठेवायची, गप्प बसायचं, ज्याला बोलायचं तो बोलतो, पुन्हा गप्प. सगळ्यांचं मन एक झालं की ते वहीत लिहायचं. एक जरी माणूस म्हणाला, "मला अजून स्पष्ट दिसत नाही," तर पुढच्या महिन्यावर. मी म्हटलं, असं असेल तर आमच्या ग्रामपंचायतीत अजून नळ आला नसता. ताई हसल्या. "बहुमत म्हणजे मारामारीच, शांते. फक्त हात लावायचा नाही."

आता बिमला.

इथे भारतीय किराण्याचं दुकान आहे, त्याच्या मागे बाक आहे. रविवारी दुपारी तिथे एक नेपाळी पोरगी सायकल टेकवून बसायची. तेवीस वर्षांची. हाताला ब्लीचिंगचा वास, कोपराखाली भाजल्याचा लांब डाग. हिंदी मोडकं, माझं मिरजेचं, त्यामुळे जमलं. मला "माँजी" म्हणायची. उरायासुला हॉटेलांच्या चादरी-टॉवेल धुण्याची लाँड्री होती, तिथे ती आणि सहा जणी. गरम रुळातून चादरी काढायच्या. राहायचं लाँड्रीच्याच वर. तिच्या आईच्या पोटात गाठ निघाली होती. तिला पंधरा दिवस घरी जायचं होतं.

"मग जा की."

"पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात आहे, माँजी. सगळ्यांचे. हरवू नयेत म्हणून घेतलेत. मागितला तर म्हणतात, सुट्ट्यांचा सीझन संपू दे."

मी मंदारला सांगितलं. तो म्हणाला, "आई, असं ठेवून घेणं बेकायदा आहे. पण तू यात पडू नकोस. आपण इथे व्हिसावर आहोत." त्याचं मला नवल वाटलं नाही. मी बिमलाला हाताला धरून ताईंकडे नेलं. दुसरं कुणाकडे नेणार?

ताईंनी तिचा हात उलटा करून डाग पाहिला. मग लाँड्रीचं नाव विचारलं. बिमलानं सांगितलं. ताई लगेच म्हणाल्या, "कझुओची आहे. माझ्या भाच्याची."

मला तर बरंच वाटलं. आपल्याकडे ओळख निघाली की अर्धं काम झालं. कलेक्टर कचेरीत शिपाई गावचा निघाला तरी आपण सुटकेचा श्वास टाकतो. इथे तर मालकच भाचा! मी म्हटलं, "मग काय, करा फोन. आत्या आहात तुम्ही. चांगला कान धरा."

"ओळखीनं नाही करायचं," ताई म्हणाल्या. "सभेपुढे ठेवते. सातही मुलींचं होईल."

"आणि पोलीस? वॉर्ड ऑफिस?"

"पोलीस आले तर कारखाना बंद होईल, सातही जणी परत जातील, इथं यायले काढलेलं कर्ज डोक्यावर घेऊन. सभेनं सांगितलं तर तो आपल्या हातानं देईल. शांते, एक महिना दे."

मला पटलं. दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी असंच केलं होतं ना, घरोघरी बसून. मी बिमलाला म्हटलं, "थांब. या बाई शब्दाच्या पक्क्या आहेत." बिमला ताईंच्या पाया पडायला वाकली, तर ताईंनी तिला धरून उभं केलं.

मार्चमधली सभा झाली. मी त्यांच्या दाराशी वाट बघत उभी होते.

"काय ठरलं?"

"एकमत नाही झालं."

"भाचा आडवा आला?"

"कोण आलं ते बाहेर सांगत नाही आम्ही."

एप्रिलमध्येही तेच. चेरी फुलली होती, हॉटेलं भरली होती, बिमला दोन रविवार आली नाही. आली तेव्हा बोटांची टोकं सोललेली. मी तिला तिखटमिठाच्या पुऱ्या दिल्या. तिनं चारच खाल्ल्या आणि बाकीच्या मैत्रिणींसाठी बांधून घेतल्या.

"होईल ना, माँजी?"

"होईल. ताई आहेत ना."

या दोन महिन्यांत मी कझुओशी बोलणं टाकलं. तो रविवारी ताईंना न्यायला यायचा, मला बघून वाकायचा, गाडीचं दार उघडायचा. मी तोंड फिरवून निघून जायची. एकदा तर त्याच्या देखत थुंकले. रस्त्यावर थुंकणं इथे किती मोठी गोष्ट आहे हे मला माहीत होतं, म्हणूनच थुंकले. ताई गाडीत बसल्या होत्या. त्यांनी पाहिलं.

मे महिन्याची सभा झाली. पुन्हा नाही.

चार दिवसांनी बिमला आली, रविवार नसताना. सायकल आमच्या इमारतीच्या मागे लावली आणि वर आली. बसली नाही. म्हणाली, "आईला जाळलं. काल भावानं फोनवर दाखवलं."

मी तिला जवळ घेतलं. तिनं घेऊ दिलं, पण अंग काठीसारखं.

"आता पासपोर्टचं काय काम, माँजी? आणि त्यांच्याकडे राहायचं तरी काय काम?"

"कुठे जाशील? कागदाशिवाय पकडतील तुला."

"तुम्ही थांब म्हणालात, मी थांबले," ती म्हणाली. रागानं नाही. हिशेब सांगतात तसं. आणि जिना उतरून गेली. सायकल तिथेच राहिली. त्या रात्री लाँड्रीत ती परतली नाही, तेव्हापासून तिचा फोन बंद आहे. अशा पोरी मग कुठेतरी भाजीच्या शेतात, हॉटेलच्या मोरीत काम करतात. नाव बदलतात. पोलीस दिसला की वळतात. घरी जाता येत नाही, कारण विमानतळावर जायचं तर आधी सापडावं लागतं.

आठवड्यानं कझुओ आमच्या दारात उभा. हातात मिठाईचा खोका, नीट कागदात गुंडाळलेला. मी दार लावणार होते, पण ईरा घरी होती, तिनं त्याला आत घेतलं. तो जमिनीला डोकं टेकवून काहीतरी बोलत राहिला. ईरा मराठी शोधत शोधत सांगत होती.

"आजी, तो विचारतोय, ती मुलगी तुझ्याकडे आहे का. आणि सॉरी म्हणतोय. तो म्हणतोय, तो द्यायला तयार होता. मार्चमध्येच. पासपोर्ट."

"मग दिला का नाही? विचार त्याला."

ती बोलली, तो बोलला.

"तो म्हणतोय, सभेत सगळे हो म्हणाले होते. तोपण. वहीत लिहिणार होते. पण आत्या नाही म्हणाली. तिन्ही वेळा. मग त्याला वाटलं, आत्याच थांब म्हणतेय, तर थांबू."

"कुठली आत्या?"

ईरानं माझ्याकडे बघितलं. "आजी, त्याला एकच आत्या आहे."

तो काही सज्जन नव्हे. कपाटाची किल्ली त्याच्याच खिशात होती, आणि ती वळवायला सभा लागत नाही. पण त्याच्याकडून मी काही अपेक्षा केली नव्हती.

मी चप्पल घातली आणि दोन गल्ल्या पलीकडे ताईंकडे गेले. त्या मुळा किसत होत्या.

"कझुओ येऊन गेला."

"हाव. मले सांगून गेला."

"नाही तुम्ही म्हणत होतात?"

त्यांनी किसणी खाली ठेवली. "हाव. मी."

बस, एवढंच. पहिल्या महिन्यात तोंडावर विचारलं असतं, ताई, आडव्या तुम्ही आलात का, तरी त्यांनी हेच उत्तर दिलं असतं. मला विचारायचं सुचलं नाही. कसं सुचणार?

"का?"

"मले स्पष्ट दिसत नव्हतं."

"मोतीबिंदू झालाय? सात पोरी, सात पासपोर्ट, एक कपाट. यात न दिसण्यासारखं काय आहे?"

त्या गप्प बसल्या. त्यांचं ते गप्प बसणं मी आजवर देवाचं समजत आले होते. त्या दिवशी मी पण बसले समोर. म्हटलं, आज मी हलत नाही.

बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "लिहिलं गेलं असतं. सभेच्या वहीत. ती वही माझ्या आजोबांनी सुरू केली. त्यांच्या घराण्याचं नाव, या कामासाठी. आणि एकदा लिहायला लागले की मागचं निघालं असतं."

"मागचं काय?"

"लाँड्री माझ्या बापाची, मग भावाची. मी वर्ध्याले अकरा वर्षं होती, तवा माझ्या पोटाले कोण घालत होतं? तेच. तवा उत्तरेकडच्या गावातल्या जपानी पोरी होत्या कामाले. वर राहत. बाहेरून कडी लागे. घरी आली की मी खाली बसून चहा पीत होती आणि वर त्यांची पावलं ऐकू येत होती."

"आणि तुम्ही काय केलं?"

"परत वर्ध्याले गेली. तिथं बायांले सांगत होती, कोणाची बांधील राहू नका."

मी म्हटलं, "दोनशे वर्षांपूर्वीच्या गोऱ्या लोकांचं पाप पोरांना चित्रं काढून सांगता. आमचं पाप, आमचं पाप म्हणता. मला वाटायचं, काय बाई आहे! तुमचं पाप तर वरच्या मजल्यावर होतं, ताई. त्याचा एक पुठ्ठा नाही रंगवला तुम्ही."

"नाही."

"तिला थांब मी म्हणाले. तुमच्या शब्दावर. तिची आई गेली आणि ती गेली. हे मी कुठल्या वहीत लिहू?"

त्या जमिनीवर हात टेकून वाकायला लागल्या. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई. मी उठले. "मला वाकून दाखवू नका. मला वाकलेलं कळत नाही." आणि आले.

जूनमध्ये त्या एकदा आमच्याकडे आल्या. कापडात बांधलेलं काहीतरी दोन्ही हातांत धरून. म्हणाल्या, सभेत हो म्हटलं. सगळं सांगितलं, मागचंही. वहीत लिहिलं गेलं. कझुओनं कपाट उघडलं. सहा जणींनी आपापले घेतले, हा राहिला.

"ती आली तर तुझ्याकडे येईल. माझ्याकडे नाही यायची. ठेव."

कापडाच्या आत बिमलाचा पासपोर्ट होता. मी तो उघडून फोटो पाहिला. केस विंचरलेले, भाजलेला हात न दिसणारा फोटो. मिटून परत दिला.

"मी नाही ठेवणार. इतके दिवस ठेवून घ्यायला घर होतं ना तुमचं?"

"मग मी काय करू, शांते?"

"सभेत विचारा."

रागात चुकलं असेल. ती खरंच आली असती तर माझ्याकडेच आली असती. मंदार तेच म्हणाला. चुकलं तर चुकलं, मी परत बोलावायला गेले नाही. तिची सायकल मात्र मी टाकू दिली नाही. वॉर्डवाले उचलून नेण्याची चिठ्ठी चिकटवून जातात, मी काढते.

त्यानंतर ताई दिसल्या त्या एकदाच, ऑक्टोबरात. मंदार मला मसाले घ्यायला शहराच्या त्या भागात घेऊन गेला होता, जिथे ओळीनं नेपाळी दुकानं आहेत. रविवार होता, सकाळचे साडेदहा. त्यांच्या सभेची वेळ. स्टेशनच्या बाहेर, खांबाशी, हिसाकोताई उभ्या होत्या. तोच मांजरपाटाचा सदरा, वर जुना स्वेटर. पासपोर्ट उघडून, फोटो पुढे करून, छातीशी धरलेला. नेपाळी पोरी घोळक्यानं बाहेर पडत होत्या. ताई प्रत्येकीपुढे एक पाऊल टाकायच्या आणि म्हणायच्या, "बिमला? बिमला?"

आणि प्रत्येक पोरगी बाजूला व्हायची. होणारच. जपानी बाई, हातात पासपोर्ट, नाव विचारतेय! त्यांना ती पोलिसांची वाटत होती, नाहीतर इमिग्रेशनची. एकीनं दुसरीला कोपर मारलं, तोंडावरचा मास्क वर ओढला, आणि चौघी दुसऱ्या दारानं परत आत गेल्या.

"आई, तुझ्या ताई ना त्या?" मंदार म्हणाला. "थांबायचं?"

पासपोर्ट पिशवीत घाला, ताई. रिकाम्या हातानं उभ्या राहा. एवढंच सांगायचं होतं. रस्ता ओलांडला की झालं असतं.

"नको," मी म्हणाले. "चल, दुकानात गर्दी होईल."

सिग्नल सुटायची वाट बघत उभे होतो तेव्हा मागे वळून पाहिलं. एक पोरगी त्यांच्यासमोर क्षणभर थबकली होती, फोटोकडे बघितलं, आणि पळाल्यासारखी निघून गेली. हिसाकोताईंनी तिच्या पाठीला कमरेत वाकून नमस्कार केला, ती गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत वाकलेल्याच राहिल्या, आणि मग सरळ होऊन पासपोर्ट पुन्हा दोन्ही हातांनी वर धरला.